रूपकुंड: त्रिशूळाच्या उतारावरचे तळे

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, ७,१२० मीटर उंचीच्या त्रिशूळ शिखराच्या नैर्ऋत्येला रूपकुंड आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ५,००० मीटर. नावाचा दबदबा मोठा असला तरी तळे अगदी लहान आहे. त्याचा व्यास ४० मीटरच्या आसपास आणि खोली दोन-तीन मीटर. कोकणातल्या एखाद्या देवळासमोरचे तळे जेवढे असते, तेवढाच त्याचा पसारा. वर्षातले बहुतेक महिने ते बर्फाखाली गाडलेले असते. ऑगस्टच्या उत्तरार्धात बर्फ मागे हटते आणि त्यानंतर जेमतेम महिना-दीड महिना मोकळे पाणी दिसते. पुढे नवे बर्फ पडू लागले की तळे पुन्हा झाकले जाते.

हिमनद्यांच्या प्रदेशात अशी तळी जागोजागी आढळतात आणि त्यांची घडण ठरावीक रीतीने होते. डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या खोलगट जागेत वर्षानुवर्षे बर्फ साचत जाते. दिवसा वितळलेले पाणी खडकाच्या भेगांत शिरते, रात्री गोठून फुगते आणि खडक फोडते. साचलेल्या बर्फाचा थर जाड झाला की तो स्वतःच्या वजनाने सरकू लागतो आणि बुडाचा खडक खरवडत नेतो. यातून तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेले आणि एका बाजूला उघडे असे हिमगव्हर तयार होते. उघड्या बाजूला बर्फाने ढकलत आणलेल्या दगडगोट्यांचा बांध उरतो. हवामान उबदार झाल्यावर बर्फ ओसरते आणि या बांधामागे पाणी साठते.

रूपकुंडाच्या माथ्यावर ज्यूंरागलीची धारदार कड आहे. तिथून खाली आलेला दगड, हिमकडा किंवा घसरलेला माणूस थेट तळ्याच्या बुडाशी येऊन थांबतो. उतारावरचे सगळे काही गोळा करणारी ही जागा आहे. रूपकुंडाबद्दल जे काही सांगितले जाते त्यातले बरेचसे या एका गोष्टीवरून उलगडते, म्हणून ती आधीच लक्षात ठेवलेली बरी.

तळ्याकडे जाणारी वाट पिंडर नदीच्या खोऱ्यातून चढते. ऋषिकेशकडून येणारा प्रवासी कर्णप्रयागला अलकनंदेची साथ सोडतो आणि पिंडरच्या काठाने नारायणबगड, थराली, देवाल असा वर सरकतो. कुमाऊंच्या बाजूने येणारा काठगोदामला रेल्वेतून उतरून अल्मोडा, ग्वालदममार्गे थरालीला पोहोचतो. देवालच्या पुढे रस्ता वळणे घेत लोहाजंगच्या खिंडीत येतो. इथे उंची साधारण २,३०० मीटर होते आणि समोर ६,३०९ मीटरचे नंदाघुंटी शिखर पहिल्यांदा नीट दिसते. खिंडीत देवीचे छोटे देऊळ आहे. देवीने लोहासुराला इथेच मारले, असे स्थानिक लोक सांगतात.

लोहाजंगच्या पुढे वाण हे या वाटेवरचे शेवटचे गाव. गावाच्या वरच्या अंगाला सुरईच्या प्रचंड झाडांखाली लाटू देवतेचे देऊळ आहे. जिची यात्रा याच वाटेने हिमशिखरांकडे जाते त्या नंदादेवीचा लाटू हा भाऊ मानला जातो. हे देऊळ वर्षातून एकदाच, वैशाखी पौर्णिमेला उघडते आणि पुजारी डोळ्यांवर व तोंडावर पट्टी बांधून आत जातो. देवाचे रूप माणसाने पाहायचे नाही, अशी श्रद्धा त्यामागे आहे. भाविक बाहेर अंगणात थांबून पूजा करतात. वाणपासून पुढे देवीच्या यात्रेची वाट दाखवण्याचा मान लाटूचा. वरच्या निर्जन मुलखात बहिणीच्या पुढे भावाने चालायचे, अशी ही व्यवस्था आहे.

वाण सोडल्यावर वाट एक धार ओलांडून नीलगंगेच्या ओढ्यापाशी उतरते आणि तिथून सलग चढ लागतो. हे जंगल ओक आणि बुरांसचे आहे. वसंतात बुरांस लाल फुलतो. झाडांच्या खोडांवर शेवाळ आणि दगडफूल दाट वाढलेले असते. खालच्या दाटीत रिंगाल हा बारीक बांबू उगवतो. त्याच्या टोपल्या, चटया आणि यात्रेतल्या छत्र्यांच्या काड्या गावकरी विणतात. गैरोली पाताल हा या जंगलातला मुक्काम. त्याच्या वर झाडे खुरटत जातात आणि साधारण ३,३०० मीटरवर वृक्षरेषा संपते. जंगलातून बाहेर पडणाऱ्या माणसासमोर एकदम उघडा हिरवा उतार येतो. गढवालात अशा कुरणांना बुग्याल म्हणतात आणि समोरचा हा बेदिनी बुग्याल. त्याला लागून असलेला आली बुग्याल कितीतरी लांबवर पसरला आहे. दिदना गावाकडून चढणारी दुसरी वाट आलीवरून बेदिनीला येऊन मिळते.

बेदिनी पाहताना घाई करू नये. या वाटेवरची सर्वांत सुंदर जागा तळे नसून हे कुरण आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. सकाळच्या स्वच्छ हवेत त्रिशूळ आणि नंदाघुंटी शेजारी शेजारी दिसतात. बुग्यालाच्या खोलगट भागात बेदिनी कुंड आहे आणि त्याच्या काठी दगडी देवळ्या आहेत. वेद इथे रचले गेले अशी दंतकथा सांगतात. दरवर्षी भाद्रपदाच्या सुमारास कुरूड गावाहून निघणारी नंदेची डोली या कुंडापर्यंत येते आणि इथे पूजा होऊन परतते.

कुरण दिसायला गुबगुबीत असले तरी त्याची माती फार पातळ असते. हिमनदीने टाकलेल्या दगडमातीवर गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला तो जेमतेम थर. वर्षातले पाच-सहा महिने तो बर्फाखाली असतो. उरलेल्या थोड्या दिवसांत गवत, प्रिम्युला, अॅनिमोन, पोटेंटिला आणि जेन्शियन यांना उगवून, फुलून बी धरायचे असते. एकदा गवताचा पापुद्रा तुटला की खालची माती पावसाबरोबर वाहून जाते आणि तो व्रण भरून यायला कित्येक वर्षे लागतात. उन्हाळ्यात गावांमधून मेंढ्या, घोडे आणि म्हशी इथे चरायला येतात; ती रीत जुनी आहे. मे-जूनमध्ये बर्फ वितळू लागले की गावकरी कीडाजडी शोधायला वर चढतात. जमिनीखालच्या अळीच्या अंगातून उगवणारी ही बुरशी औषधी म्हणून फार मोठ्या किमतीला विकली जाते. ती शोधताना माणसे तासन्‌तास जमिनीशी डोळे लावून, ओणवी किंवा चक्क पालथी पडून गवत न्याहाळत असतात, कारण मातीबाहेर तिची फक्त काडीएवढी तपकिरी शेंडी दिसते.

बेदिनीच्या पुढे वाट धारेवरून चालते. घोडा लोटानी इथून पूर्वी घोडे मागे पाठवत. मग पातर नचौनी येते. या जागेशी एक कथा निगडित आहे आणि ती रूपकुंडापर्यंत पोहोचते, म्हणून ती इथेच सांगितली पाहिजे. कनौजचा राजा जसधवल आपली गरोदर राणी बलंपा, सैनिक आणि नर्तकी घेऊन नंदादेवीच्या यात्रेला निघाला. पवित्र वाटेचे नियम त्याने मानले नाहीत आणि पातर नचौनीला नाचगाण्याची मैफल भरवली. देवी कोपली आणि नर्तकी धरतीत गाडल्या गेल्या. पुढे डोंगरातच राणी बाळंत झाली. देवीच्या पवित्र भूमीला विटाळ झाला म्हणून देवीने लोखंडासारख्या गारांचा मारा केला आणि राजाचा सगळा लवाजमा रूपकुंडापाशी मरून पडला. पातर नचौनीच्या उतारावर आजही काही खळगे दाखवले जातात; त्यांतच नर्तकी गडप झाल्या, असे गावातले लोक सांगतात.

इथून कालू विनायकापर्यंतचा चढ छातीवर येणारा आहे. माथ्यावर काळ्या दगडाचा गणपती आहे आणि त्याच्याभोवती दगडांची नुसती रास. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आलेले लोक त्याला ब्रह्मकमळ वाहतात. उत्तराखंडचे हे राज्यपुष्प इथून वरच्या दगडांच्या सांदीत उगवते. त्याला कमळ म्हणत असले तरी पाण्याशी त्याचा संबंध नाही; सूर्यफुलाच्या कुळातली ती वनस्पती आहे. बाहेरून दिसतात त्या फिकट पिवळसर, कागदासारख्या पातळ पाकळ्या खरे तर पाने आहेत आणि जांभळट फुलांचा गुच्छ त्यांच्या आत दडलेला असतो. पानांच्या या आवरणामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार राहते आणि थंडी-पावसातही फुले टिकतात. त्याच्या शेजारी फेनकमळ सापडते. ते पांढऱ्या लवेने इतके झाकलेले असते की लांबून कापूस पडल्यासारखे वाटते.

कालू विनायकानंतर वाट थोडी सपाट होते आणि बगुवाबासाला येते. इथे गवत संपते. उरतात ते नुसते दगड. दगडी खोपट्या, वारा आणि रात्री शून्याखाली जाणारे तापमान, असा हा मुक्काम आहे. इथून तळे फक्त तीन-चार किलोमीटरवर असले तरी पूर्ण वाटेतला सर्वांत धोक्याचा टप्पा हाच. वाटाडे पहाटेच्या अंधारात निघायला लावतात, त्यामागे ठोस कारण आहे. रात्रीच्या थंडीने बर्फ कडक झालेले असते, त्यात पाय नीट रोवतो आणि वरचे सुटे दगड जागच्या जागी गोठून बसलेले असतात. ऊन चढले की बर्फ भुसभुशीत होते, दगड सुटू लागतात आणि दुपारकडे ढग दाटतात. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. खालून घाईने चढून आलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, धाप जाणवते. मेंदूत किंवा फुप्फुसांत पाणी साचू लागले तर तातडीने खाली उतरवणे हाच उपाय.

शेवटचा उभा चढ संपला की पायाखाली एकदम तळे दिसते. सप्टेंबरमध्ये त्याचे पाणी हिरवट असते, सावलीच्या बाजूला बर्फाची मळकट पट्टी उरलेली असते आणि काठ म्हणजे तीक्ष्ण कडांच्या फुटक्या दगडांचा उतार. या दगडांमध्येच हाडे आहेत. मांड्यांची लांब हाडे, बरगड्या, कवट्यांचे तुकडे. काही कोणी तरी सपाट शिळेवर रचून ठेवलेली, काही दगडांखाली अर्धवट दबलेली, आणि पाणी स्वच्छ असले तर काही तळाशीही दिसणारी. थंडीमुळे कुजण्याची क्रिया मंदावते, म्हणून केस आणि वाळलेल्या मांसाचे अवशेषही इथे सापडले आहेत. चामड्याची पादत्राणे, बांबूच्या काठ्या, अंगठ्या अशा वस्तूही मिळाल्या.

गावकऱ्यांना या हाडांची माहिती आधीपासून होतीच. बाहेरच्या जगाला ती कळली १९४२ मध्ये, जेव्हा वनरक्षक हरिकिशन माधवाल यांनी ती पाहून कळवली. महायुद्ध चालू असल्यामुळे ही घुसखोर जपानी सैनिकांची प्रेते असावीत, असाही संशय घेतला गेला. पण हाडे इतकी अलीकडची नव्हती. १८४१ मध्ये तिबेटच्या मोहिमेवर गेलेल्या जोरावरसिंगाच्या फौजेतले हे सैनिक, असाही एक तर्क लढवला गेला. साथीच्या रोगाचा, सामूहिक आत्मबलीचाही अंदाज बांधला गेला. १९५० च्या दशकात मानवशास्त्रज्ञांनी इथे येऊन हाडे गोळा केली. एकंदर किती माणसे इथे मेली, याचे अंदाज तीनशेपासून आठशेपर्यंत जातात.

२००४ च्या मोहिमेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अभ्यासक सहभागी होते. काही कवट्यांवर त्यांना वरून बसलेल्या, न भरलेल्या जखमांच्या खुणा दिसल्या. जखम भरली नाही याचा अर्थ माणूस त्या घावानंतर जगला नाही. खुणा शस्त्राच्या वाटत नव्हत्या. डोक्यावर गोल, जड वस्तू जोराने आदळावी तशा होत्या. त्यावरून मोठ्या गारांच्या माऱ्यात हे लोक सापडले असावेत, असा निष्कर्ष मांडला गेला. हाडांच्या कालमापनातून इसवी सन ८५० च्या आसपासचा काळ निघाला. देवीच्या गारांची लोककथा आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकमेकांशी जुळल्यासारखे दिसले आणि ही उकल देशभर प्रसिद्ध झाली.

पंधरा वर्षांनी चित्र बरेच बदलले. २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात रूपकुंडाच्या ३८ व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादची सीसीएमबी, डेक्कन कॉलेज आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ यांच्यासह अनेक संस्थांच्या संशोधकांचे हे काम होते; डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी या अभ्यासाच्या प्रमुख लेखकांपैकी एक. त्यात तीन वेगळे गट निघाले. तेवीस जण दक्षिण आशियाई वंशाचे होते. तेही एका जातीचे किंवा एका भागातले नव्हते, निरनिराळ्या ठिकाणचे होते. चौदा जणांचा वंश पूर्व भूमध्य सागराच्या परिसराशी, त्यातही आजच्या क्रीट बेटावरील लोकांशी जुळत होता. उरलेला एक आग्नेय आशियाई वंशाचा. स्त्रिया आणि पुरुष दोन्ही होते. जवळचे रक्ताचे नाते मात्र कुणातच सापडले नाही.

काळाच्या बाबतीत निष्कर्ष याहून धक्कादायक होता. दक्षिण आशियाई गटातली माणसे साधारण सातव्या ते दहाव्या शतकात, तीही एकाच वेळी नव्हे, तर वेगवेगळ्या प्रसंगी मेली होती. भूमध्य सागराकडची चौदा माणसे आणि आग्नेय आशियातला तो एकटा त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी, इसवी सन १८०० च्या आसपास मेले. हाडांतील समस्थानिकांवरून या चौदा जणांचा आहारही वेगळा असल्याचे दिसले. त्यांच्या खाण्यात ज्वारी-बाजरी-नाचणीसारख्या तृणधान्यांचा अंश जवळजवळ नव्हता. भूमध्य सागराकडून निघालेले स्त्री-पुरुष गढवालच्या या टोकाला कशासाठी आले, याची कुठेही नोंद मिळालेली नाही.

म्हणजे एका दिवशी, एका गारपिटीत संपूर्ण लवाजमा मेला, ही गोष्ट आता टिकत नाही. गारांनी काही माणसे मेली असणे शक्य आहे, पण रूपकुंड ही एका दुर्घटनेची जागा नाही. इथे तळ्याचा आकार पुन्हा आठवावा. ज्यूंरागलीची कड ओलांडताना वेगवेगळ्या शतकांत जे पडले, गोठले, हिमकड्याखाली सापडले, ते सगळे याच वाडग्याच्या बुडाशी आले. दरडी आणि सरकते बर्फ यांनी हाडे आपसांत मिसळून टाकली. त्यामुळे कोणता सांगाडा कोणत्या थरातला, हे पुरातत्त्वज्ञ इतर स्थळी सांगू शकतात तसे इथे सांगता येत नाही. माणसांनी या गोंधळात आणखी भर घातली. यात्रेकरूंनी हाडे उचलून रचून ठेवली, गिर्यारोहकांनी आठवण म्हणून नेली. एखाद्याच्या घरातल्या कपाटात आज जे हाड पडून आहे ते जागेवरून हलले तेव्हाच त्याचा पुरावा नष्ट झाला, आणि ही हानी कोणत्याही प्रयोगशाळेला भरून काढता येणार नाही.

सुरुवातीच्या गटाचे कोडे सुटण्यासारखे आहे, कारण रूपकुंड हे वाटेवरचे ठिकाण आहे, वाटेचा शेवट नव्हे. कड ओलांडून पलीकडे शिलासमुद्र आणि त्यापुढे होमकुंड आहे. नंदादेवी राजजात तिथपर्यंत जाते. गढवालात नंदा ही माहेरवाशीण मानतात. तिला कैलासाला, सासरी पोहोचवायची ही यात्रा. गावोगाव बायका जागरगीते म्हणत, डोळ्यांत पाणी आणून तिची पाठवणी करतात. यात्रा कर्णप्रयागजवळच्या नौटीहून निघते. जाऊन-येऊन सुमारे २८० किलोमीटरचा प्रवास होतो. सर्वांत पुढे चार शिंगांचा मेंढा, चौसिंग्या खाडू चालतो. होमकुंडाला त्याच्या पाठीवर देवीची ओटी बांधून त्याला एकट्याला हिमशिखरांकडे सोडून देतात. बारा वर्षांनी ही जात भरते असे म्हणतात, पण प्रत्यक्षात अंतर कमी-जास्त होते. अलीकडच्या जाती १९६८, १९८७, २००० आणि २०१४ मध्ये झाल्या. परिसरातल्या देवळांतील शिलालेख आठव्या ते दहाव्या शतकांतले आहेत; म्हणजे त्या काळी इथे यात्रा चालत असणे सहज शक्य आहे. दक्षिण आशियातील गट हा निदान काही अंशी यात्रेकरूंचा असावा, हा तर्क म्हणूनच सर्वांत सयुक्तिक वाटतो. निरनिराळ्या प्रांतांतले, एकमेकांच्या नात्यात नसलेले स्त्री-पुरुष एका वाटेवर आणणारी दुसरी गोष्ट सापडणे कठीण.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या वाटेवर भटक्यांची गर्दी वाढत गेली. पुण्या-मुंबईहून दरवर्षी निघणाऱ्या गटांमुळे रूपकुंड महाराष्ट्रातही घरोघरी माहीत झाले. बेदिनीच्या पातळ मातीवर तंबूंच्या रांगा लागल्या, खेचरांच्या पायवाटा रुंद झाल्या, प्लास्टिकचा कचरा साचला. आली-बेदिनी-बगजी बुग्याल संरक्षण समितीच्या याचिकेवर २१ ऑगस्ट २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने निर्णय दिला. बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद झाला, पर्यटकांची संख्या दोनशेपर्यंत मर्यादित केली गेली आणि तिथली पक्की बांधकामे हलवण्याचा आदेश निघाला. लोहाजंग-वाणच्या वाटाड्यांना, खेचरवाल्यांना याची झळ बसली, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. तरीही बुग्यालाची माती एकदा गेली की त्यांच्याच गुरांचे कुरण जाते, हेही तितकेच खरे.

मुक्कामबंदीमुळे प्रवासाचे गणितच बदलले. बेदिनी, पातर नचौनी, बगुवाबासा असे एकेक मुक्काम करत, उंचीची सवय करून घेत तळ्यापर्यंत चढण्याचा नेहमीचा क्रम या नियमांत बसत नाही. जंगलातल्या गैरोली पातालहून बेदिनीला जाऊन दिवसाउजेडी परतणे मात्र जमते. मे-जूनमध्ये तळे बर्फाखाली असते, जुलैत पाऊस वाट निसरडी करतो आणि पिंडरच्या खोऱ्यात दरडी कोसळतात. स्वच्छ आकाश आणि मोकळे पाणी हवे असेल तर सप्टेंबर योग्य. निघण्यापूर्वी त्या वर्षी कोणती वाट खुली आहे आणि कोणती परवानगी लागते, याची चौकशी देवाल भागातल्या वन विभागाच्या कार्यालयात करावी, आणि वाणचा वाटाड्या सोबत घ्यावा.